दाढी दोघांनीही कोरलेली आहे, ताई

ताई,
सत श्री अकाल. तुमचं सदर नेहमी वाचते, पत्र पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही नांदेडचे शीख. पाच-सहा पिढ्या इथंच गेल्या, माझी शाळा मराठीत झाली, म्हणून मराठीतच लिहिते. मुलगी २९ वर्षांची आहे, पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. नात्यातली, गुरुद्वाऱ्याच्या आसपासची स्थळं बघून झाली. मग ह्यांनी पुतण्याला सांगून लग्नाच्या वेबसाइटवर तिचं नाव घातलं, तिला न विचारता. जात लिहिली, उंची एक इंच वाढवली, फोन नंबर स्वतःचा दिला. इकडे तिनंही त्याच साइटवर आपलं प्रोफाइल केलेलं होतं, आणि त्यात ‘जातीची अट नाही’ असं लिहिलं होतं. तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीनं दोन्ही प्रोफाइलं तिला शेजारी शेजारी दाखवली. तीन आठवडे झाले, ती वडिलांशी बोलत नाही.

ह्यांच्या प्रोफाइलवर कॅनडाचं स्थळ आलंय. मूळचे लुधियानाकडचे, जमीनजुमला भरपूर, मुलगा ब्रॅम्प्टनला. हुंडा नको म्हणतात, पण मुलगा जानेवारीत तीन आठवडे येणार, तेवढ्यात लग्न उरकायचं. तिच्या प्रोफाइलवर आलेला मुलगा नागपूरचा. शीख आहे, बँकेत आहे, घरचे सिकलीगर. त्यानं केस कापलेत आणि तसं सरळ लिहिलंय. हे म्हणतात, ज्यानं केस ठेवले नाहीत तो शीख कसला, विषय संपला. खरं सांगू का? कॅनडाच्या मुलाचीही दाढी कोरलेली आहे. एका फोटोत पगडी, बाकीच्या चारांत टोपी. ते ह्यांना दिसत कसं नाही?

लेक लहानपणी रोज सकाळी ह्यांच्या पगडीचं दुसरं टोक धरायची. ती पुण्याला गेल्यापासून हे ते टोक खिडकीच्या गजाला बांधतात. मला सांगत नाहीत. मी काय करू? मुलगी एवढंच म्हणते, ‘मम्मी, मला आधी बोलून तर बघू दे.’
— एक आई, नांदेड

ताई, सत श्री अकाल.

तुमच्या पत्रातल्या त्या गजापासून सुरुवात करते. माझं माहेर नांदेडचं, वजिराबादेतलं. शेजारच्या सरदारजींच्या ओसरीवर हे मी कितीदा बघितलंय. पाच-सहा मीटरचं मलमलीचं कापड, त्यावर पाण्याचा हात फिरवलेला, दोन टोकांना दोघं जण. ताणायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालायची, पुन्हा ताणायचं, पुन्हा घडी. लांबच लांब कापडाची बघता बघता चार बोटांची पट्टी होते. त्याला पूणी म्हणतात हेही मला तिथंच कळलं. एकदा काकांनी माझ्याही हातात टोक दिलं. मी ढिलं सोडलं तर म्हणाले, ‘खिच के, पुत्तर, खिच के.’ गजाला बांधूनही पूणी होते, पण गजाला सांगता येत नाही की आता जरा सैल सोड, आता ओढ. तुमचे ‘हे’ रोज सकाळी लेकीच्या जागी गज बघतात. म्हणून केसांबद्दल ते जे म्हणतात ते हट्ट म्हणून मी उडवून लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

ज्या धर्मात रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, खोपड्या उतरवून घेतल्या पण केस दिले नाहीत अशांची आठवण काढतात, भाई तारू सिंगांचं १७४५ सालचं बलिदान जिथं घरातल्या लहानग्यालाही माहीत असतं, तिथं बापाला जावयाच्या केसांबद्दल काही वाटणारच. वाटलंच पाहिजे.

पण ताई, त्याच पत्रात तुम्ही आणखी एक वाक्य लिहून गेलात, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्याच वाक्यात आहे. दाढी दोघांचीही कोरलेली आहे. शीख आचाराच्या ज्या मर्यादेनं नागपूरचा मुलगा बाद होतो, त्याच मर्यादेनं ब्रॅम्प्टनचाही होतो. दाढीला लावलेली कात्री आणि डोक्याला लावलेली कात्री यांत मर्यादा फरक करत नाही. मग एकाचा विषय संपतो आणि दुसऱ्याच्या घरी जानेवारीची तारीख ठरायला येते, हे कसं? दोन्ही स्थळांत वेगळं काय आहे ते तुम्हीच लिहिलंय. एकाकडे जमीन आहे, कॅनडा आहे, वरची समजली जाणारी बिरादरी आहे. दुसऱ्याकडे बँकेतली नोकरी आहे आणि ‘सिकलीगर’ हा शब्द आहे.

तुमच्या यजमानांच्या मनात हे सगळं उघड असेल असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा आपल्याला जे बोलायला लाज वाटते ते आपण धर्माच्या नावानं बोलतो, आणि ते आपल्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. पण तुमच्या लक्षात आलंय. तेव्हा ते दोन प्रश्न वेगळे करणं आता तुमच्याकडेच आलं. केसांचा प्रश्न खरा आहे, तो मुलीनं त्या मुलाला विचारायचा. जातीचा प्रश्न मात्र, मी अगदी स्पष्ट सांगते, सोडूनच द्यायचा.

सोडायचा का, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण घरात बोलायला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. १६९९ साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगजींनी ज्या पाच जणांना दीक्षेचं पहिलं अमृत दिलं त्या पंज प्यार्‍यांतले भाई साहिब सिंग आपल्या शेजारच्या बिदरचे, न्हाव्याच्या घरातले, असं परंपरा सांगते. भाई हिंमत सिंग पाणी वाहणाऱ्यांच्या घरातले. गुरूंनी त्यांना अमृत दिलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं. तुमची मुलगी लग्नात ज्या गुरू ग्रंथ साहिबांभोवती चार वेळा फिरेल, त्यात आपल्या हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एकात नामदेव देवाला विचारतात, मला शिंप्याच्या जातीत का जन्माला घातलंस? देवळातून उठवल्याचं दुःख आहे ते. ते पद ज्या ग्रंथात आहे त्याला मत्था टेकून आल्यावर घरी येऊन जातीच्या रकान्यात बोट फिरवायचं, हे मला तरी जमत नाही.

आणि सिकलीगर म्हणजे कोण? सिकल करणं म्हणजे हत्यार घासून त्याला चकाकी आणणं. शस्त्रं घडवायची, त्यांना धार लावायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. दिवाळीत हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तख्त इश्नानाला, म्हणजे तख्त धुण्याच्या सोहळ्याला, गोदावरीच्या गागरी येतात, गुरूंची शस्त्रं घासूनपुसून लखलखीत होतात, तेव्हा दर्शनाला सगळं नांदेड लोटतं. शस्त्रापुढं हात जोडायचे आणि शस्त्र घडवणाऱ्याच्या घराला नाक मुरडायचं, हे कुठल्याही सकाळी आरशात बघून पटणारं नाही. त्यांच्या वस्त्यांकडे लोक अजून संशयानं बघतात, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात. त्यातून एक मुलगा शिकून बँकेत लागला असेल तर त्यामागं त्याच्या आईबापांनी काय उपसलंय याचा आधी विचार करा.

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं १९४५ साली मंजूर केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, तर शब्दच आहेत की आनंद विवाह, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, जातपात आणि गोत न बघता व्हावा. मुहूर्त-पत्रिका बघू नये आणि पैशाच्या मोबदल्यात मुलीचं किंवा मुलाचं लग्न करू नये, हेही त्यातच आहे. हजूर साहिबची स्वतःची पुरातन मर्यादा आहे आणि काही बाबतींत ती अमृतसरहून वेगळी आहे, याची मला जाणीव आहे. पण पंज प्यारे दोन्हीकडे तेच आहेत.

कुणी म्हणेल, ग्रंथात आहे ते ठीक, व्यवहारात काय? व्यवहारात जात आहे. जट्ट, खत्री, अरोडा, रामगढिया, सैनी, लबाना, रामदासिया, मजहबी: पंजाबातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं रविवारचं लग्नाचं पान उघडा, सगळे शब्द तिथं सापडतात. बिरादरीच्या नावानं गुरुद्वारेसुद्धा आहेत, पंजाबात आहेत आणि इंग्लंडातही आहेत. पूर्वी विचोला, म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ, हे सगळं तोंडानं बोलायचा आणि घरं बघून थोडंफार इकडंतिकडं करायचा. अमक्याची जात वेगळी आहे, पण मुलगा हिरा आहे, एकदा बघून तर घ्या, असं म्हणायची त्याची ताकद असायची, कारण त्याला दोन्ही घरचे आजे-पणजे माहीत असायचे.

वेबसाइटवर तो विचोला नाही. तिथं रकाना आहे. बिरादरीचा एक, केसांचा एक: अमृतधारी (दीक्षा घेतलेले), केसधारी (दीक्षा न घेता केस राखणारे), केस कापलेले. जोडीदाराकडून अपेक्षा म्हणून तुम्ही एका चौकोनात खूण केलीत की बाकीचे सगळे तुमच्या पडद्यावरून गायब होतात. त्यांना नाकारलं हे तुम्हाला कळतसुद्धा नाही, त्यांचं तोंडही दिसलेलं नसतं. पुतण्यानं जात भरली त्या क्षणी हे झालं. नागपूरचा मुलगा ह्यांच्या प्रोफाइलला कधी दिसलाच नसता.

जरा हिशेबही मांडून बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले शीख २ लाख २३ हजारांच्या आसपास होते, आणि राज्याची लोकसंख्या ११ कोटींच्या वर. त्यातून लग्नाच्या वयाचे, त्यातून शिकलेले, त्यातून आपल्या बिरादरीचे, त्यातून केस ठेवलेले, त्यातून पुण्याजवळ नोकरी असलेले. चाळणीवर चाळणी लावत गेलं की खाली बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि त्यांतले निम्मे तुमच्या नात्यात निघतात. ‘नात्यातली स्थळं बघून झाली’ असं तुम्हीच लिहिलंय. मग आईबाप लुधियाना बघतात, तिथून कॅनडा बघतात. चाळणी मात्र बदलायला कुणी तयार नसतं.

आता कॅनडाच्या स्थळाबद्दल. ते वाईटच आहे असं मी धरून चालत नाही. तिकडे सुखानं नांदणाऱ्या कितीतरी मुली आहेत. पण तुमच्या पत्रातली ‘तीन आठवड्यांत उरकायचं’ ही अट वाचून मला धडकी भरली. हिवाळ्यात परदेशातली मुलं पंजाबात येतात, मॅरेज पॅलेसमध्ये लग्न लागतं, मुलगा विमानानं परत जातो आणि मुलगी कागदांची वाट बघत बसते, हे तिकडच्या गावोगावच्या लोकांनी पाहिलेलं आहे. कित्येकींची ती वाट संपलीच नाही. म्हणून तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष चालतो. पंजाबात उलटही झालंय: मुलीला आयलेट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले बँड (गुण) मिळाले की मुलाकडचे तिच्या शिक्षणाचा खर्च उचलतात आणि तिच्या व्हिसावर मुलगा बाहेर जातो. जाहिरातीत उंची आणि रंगाच्या शेजारी बँडांचा आकडा छापून येतो. लग्न कशासाठी करतोय याचं उत्तर ‘व्हिसा’ असं येऊ लागलं की दोन्ही बाजूंची माणसं पोळतात, मुलीकडची जास्त.

म्हणून पुढं एक पाऊल टाकायच्या आधी काही गोष्टी लेखी मागा, आणि मागताना ओशाळू नका. तो तिकडचा नागरिक आहे, कायम रहिवासी आहे, वर्क परमिटवर आहे की विद्यार्थी आहे? त्याचा कागद बघायचा. कॅनडानं २०२५ च्या जानेवारीपासून जोडीदाराच्या वर्क परमिटचे नियम कडक केलेत, त्यामुळे तो कुठल्या कागदावर आहे यावर तुमच्या मुलीचं सगळं ठरणार. नोकरी कुठं, पत्ता कुठला, आधी लग्न झालं होतं का, हे सगळं विचारायचं. नांदेडची, हैदराबादची, पंजाबातली कितीतरी माणसं त्या भागात आहेत. ओळखीतल्या कुणाला तरी त्याच्या घरी आणि तो ज्या गुरुद्वाऱ्यात जातो तिथं प्रत्यक्ष जाऊन यायला सांगा. आणि मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे हे तर सगळे विसरूनच गेलेले दिसतात. तिकडे गेल्या गेल्या तिला ते काम करता येणार नाही. आधी पदवीची तपासणी, मग परवान्याची परीक्षा, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. तोवर ती काय करणार, खर्च कोण करणार, हे तिच्याशी किंवा तुमच्याशी त्यांच्यातलं कुणी बोललंय का? हुंडा नको म्हणणं चांगलंच आहे, पण पुढच्या दोन वर्षांबद्दल ते काय म्हणतात तेही ऐका.

आणि जानेवारी टळला तर टळू दे. ज्यांना तुमची मुलगी खरंच हवी आहे ते पुढच्या जानेवारीपर्यंत थांबतील. नाही थांबले तर तेही कळलं.

नागपूरच्या मुलालाही हेच लागू. प्रोफाइलवर खरं लिहिलं म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही. बँकेत खरोखर आहे का, घरी कोण कोण आहे, पूर्वीचं काही आहे का, बघायला हवं. लग्नाच्या वेबसाइटांनी सभासदाच्या ओळखीची खातरजमा करावी अशा सूचना केंद्र सरकारनं २०१६ मध्येच काढल्यात, पण त्या भरवशावर राहू नये. कुणीही, कितीही गोड बोलून, भेटीआधी पैसे मागितले, भेटवस्तू अडकलीय, कस्टमवाल्यांना भरायचेत असं काही सांगितलं, तर बोलणं तिथंच थांबवायचं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. हे मुलीलाही सांगून ठेवा, शिकलेल्या मुलीही फसतात.

त्या मुलाच्या केसांबद्दल आता. त्यानं ते कधी कापले, का कापले? कॉलेजात चेष्टा झाली म्हणून, की आजारपणात, की विश्वासच उरला नाही म्हणून? या प्रत्येक उत्तरातून वेगळा माणूस समोर येतो. आणि तुमच्या मुलीला स्वतःला काय हवंय? हे मी तुमच्या पत्रात शोधलं, सापडलं नाही. ह्यांचं म्हणणं आहे, मुलाकडच्यांचं आहे, पुतण्यानं केलेलं आहे, मुलीचं मात्र एकच वाक्य आहे. तिला पगडीवालाच नवरा हवा असेल तर ती तिची अट आहे आणि ती पूर्ण रास्त आहे. मग नागपूरला नम्रपणे नाही म्हणायचं, जातीचा उल्लेखही न करता. तिला चालत असेल तर ते का चालतं, पुढं मुलांचे केस ठेवायचे की नाही, घरात नितनेम, म्हणजे रोजचा पाठ, होणार की नाही, हे तिनं त्याच्याशी आत्ताच बोलायला हवं. फक्त एक करू नका. ‘लग्नापुरते केस वाढव’ अशी अट घालू नका. असे वाढवलेले केस पाहुणे परतले की जातात, आणि मग तुमच्या यजमानांना दुसऱ्यांदा दुःख होतं.

दोन प्रोफाइलांचं काम मात्र आजच करा. पुतण्याला सांगून ते दुसरं प्रोफाइल काढूनच टाका. एक इंच वाढवलेली उंची ही लहान गोष्ट वाटते, पण पहिल्या भेटीत मुलीला ती मान खाली घालायला लावते, आणि खोटं कुणी लिहिलं हे समोरच्याला माहीत नसतं. शिवाय तिच्या नावानं, तिच्या फोटोवर, तिला न विचारता बाहेरच्या माणसांशी बोलणी चालू होती. ती रागावली हे बरोबरच झालं. पूर्वी मुलीचा फोटो विचोल्याच्या खिशातून चार घरी जायचा. आज तो किती फोनांवर जातो याची मोजदाद नाही. वडिलांनी तिला एवढं म्हटलं तरी पुरेल: ‘बेटा, मी विचारायला हवं होतं.’ हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला वेळ लागेल. तुम्ही तोवर त्यांच्या वतीनं माफी मागून मोकळ्या होऊ नका. ते त्यांचं आहे, त्यांनाच म्हणू द्या.

त्यांच्याशी बोलायचं कसं, तेही लिहिते. दीर, पुतण्या, कुणी घरात नसताना बोला. दोन्ही मुलांचे फोटो मोबाइलवर त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘जी, या दोघांच्या दाढीत तुम्हाला काय वेगळं दिसतं?’ मग गप्प बसा. भांडू नका, पंज प्यार्‍यांचं लगेच काढू नका, सिकलीगर शब्दही तुम्ही उच्चारू नका. त्यांना स्वतःला तो उच्चारावा लागू दे. कदाचित ते चिडून उठून जातील. जाऊ द्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गजाकडे जायच्या आत, कापडाचं ते टोक तुम्ही धरा. इतकी वर्षं ते तुम्हाला म्हणाले नाहीत आणि तुम्हीही विचारलं नाही, असं दिसतं.

लोक काय म्हणतील, याचंही थोडं. म्हणतील. नांदेड मोठं असलं तरी आपल्या लोकांचं नांदेड लहानच आहे. लंगरमध्ये पंगतीला बसलं की बातमी शेवटच्या ताटापर्यंत पोचते. पण हेही आठवा की २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शिखांमध्ये दर हजार पुरुषांमागे ९०३ बायका होत्या, मोठ्या धर्मसमाजांत सगळ्यांत कमी. मुली कमी करून झाल्या आणि आता उरलेल्या मुलींनी कुणाशी लग्न करावं हेही लोकच सांगणार? अकाल तख्तानं, शिखांच्या सर्वोच्च पीठानं, २००१ साली मुलीचा गर्भ पाडणाऱ्यांविरुद्ध हुकूमनामा काढावा लागावा, इतकी वेळ आली होती. तुम्ही मुलगी वाढवलीत, शिकवलीत, पायावर उभी केलीत. तुमची मान वर असायला हवी.

आनंद कारजाबद्दल, म्हणजे लग्नविधीबद्दल, तुम्ही काही विचारलेलं नाही, म्हणून फार लिहीत नाही. हजूर साहिबच्या पाच सिंग साहिबांनी, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माधिकाऱ्यांनी, २०२३ च्या अखेरीला नवरीच्या पोशाखाबद्दल आणि पत्रिकेवर नावापुढं ‘सिंग’ आणि ‘कौर’ छापण्याबद्दल आदेश दिलाय, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. नोंदणीचं तेवढं विसरू नका. १९०९ च्या आनंद विवाह कायद्यात २०१२ साली नोंदणीची तरतूद आली, आणि ज्या राज्यांनी त्याचे नियम केले नव्हते त्यांना सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत दिली. स्थळ नागपूरचं असो की ब्रॅम्प्टनचं, लावां, म्हणजे ग्रंथाभोवतीचे चार फेरे, झाल्यावर पाहुण्यांना वाटे लावायच्या गडबडीत ते राहून जातं. त्याच आठवड्यात नोंदणी करून घ्या.

दोन्ही मुलांना नांदेडला बोलवायची घाई नको. आधी मुलगी नागपूरच्या मुलाशी फोनवर बोलेल, मग पुण्यात एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी दिवसाउजेडी भेटेल, मैत्रिणीला सांगून. कॅनडाच्या मुलाशीही तिला हवं असेल तर तिनंच व्हिडिओवर बोलावं, दोन्हीकडचे आईबाप मागं न बसता. तिला दोघांपैकी कुणीही नको वाटेल, असंही होऊ शकतं. तेव्हा ‘मग तुला हवंय तरी काय’ हा प्रश्न तुमच्या तोंडून निघू देऊ नका. तो ऐकून मुली पुढचं सांगायचंच बंद करतात.

आज संध्याकाळी तिची ओपीडी सुटली की तिला फोन करा. पहिली दहा मिनिटं स्थळाचं नाव काढू नका. जेवली का विचारा, कामाचं विचारा. मग तिला सांगा की पप्पा पगडीचं टोक खिडकीला बांधतात. ते तिला माहीत नसेल.